कोंड्याचा कोंडमारा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपल्याकडे म्हणतात. म्हणीतला कोंडा निदान पोट तरी भरतो. माझ्या डोक्यातल्या कोंड्याने मात्र माझ्या मनाचाच कोंडमारा केला.

अमरावतीला शिकायला आलो त्या पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला वकिलाची भूमिका मिळाली. काळा कोट चढवून रंगमंचावर गेलो, आणि पुढच्या रांगेत खसखस पिकली. ती माझ्या संवादांना नव्हती. खांद्यांवर सांडलेल्या पांढऱ्या भुग्याला होती! त्या दिवसापासून वर्गात मी शेवटचा बाक धरला. खोलीतला मित्रही आपला कंगवा पेटीत कुलपात ठेवू लागला.

सुट्टीत अकोल्याला घरी गेलो की आजीचे निदान तयार असे, “डोक्शात तेल नाई, म्हनून कोंडा होते बाप्पा!” मग रात्री वाटीभर खोबरेल आणि सकाळी लिंबू. खाजवून ओरबाडलेल्या जागी लिंबाने आग होई आणि दुपारी खाज पुन्हा हजर! शेवटी तेथील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांच्याकडून आणि पुढे वाचनातून जे कळले, ते येथे सांगतो.

मित्रहो, कोंडा म्हणजे अस्वच्छता नव्हे, आणि तो संसर्गजन्यही नव्हे. जवळजवळ प्रत्येकाच्याच डोक्यावर ‘मॅलॅसेझिया’ नावाची सूक्ष्म बुरशी नांदत असते. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८७४ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तैलग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध स्राव हे तिचे अन्न. तो पचविताना ती ओलेइक आम्ल मागे ठेवते. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही, त्यांना खाज सुटते. एरवी महिनाभराने एकेकट्या, नकळत गळणाऱ्या पेशी मग घाईने, पुंजक्यांनी गळू लागतात. तोच कोंडा! तैलग्रंथी वयात येताना जाग्या होतात, म्हणून त्याचा त्रासही आपल्याच वयात सुरू होतो. थंडीत आणि मनावर ताण असताना तो वाढतो.

गंमत अशी की, प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल, तर तिला ऑलिव्ह तेल पुरवितात. तेलाने खपल्या मऊ होऊन तात्पुरत्या दिसेनाशा होतात इतकेच. ते रात्रभर मुरविणे कोंडा असलेल्याने टाळावे.

उपाय साधा आहे, पण त्याला चिकाटी हवी. किटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकी एखादे औषध असलेला शाम्पू डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. किटोकोनॅझोलचा शाम्पू साधारणपणे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. तो केसांना नव्हे, डोक्याच्या त्वचेला चोळावा आणि तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा. माझी चूक येथेच होत होती; फेस आला की मी लगेच पाणी ओतत असे. बरे वाटल्यावरही एक-दोन आठवड्यांतून एकदा तो लावावा लागतो. कोंडा कायमचा जात नाही. त्याला ताब्यात ठेवता येते.

मात्र प्रत्येक खपली कोंड्याची नसते. जाड, चंदेरी खपल्या सोरायसिसच्या असू शकतात. लहान मुलांच्या डोक्यावर केस तुटून चकंदळ पडले, तर तो नायटा असू शकतो, आणि तो कंगव्यातून पसरतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणू नये. अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचा दाखवावी.

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले, ते समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांसाठी. त्या दुःखाशी माझ्या कोंड्याची तुलना नाही. पण ज्या गावाला तपोवन लाभले, तेथे कोणाच्या कातडीला हसून त्याला मागच्या बाकावर धाडणे आपल्याला शोभत नाही.

आता सुट्टीत आजी तेलाची वाटी घेऊन आली की मी ती तिच्या हातून घेतो आणि तिचेच दुखरे गुडघे चोळून देतो. तेलही वाया जात नाही, आणि आजीही रागावत नाही!