घरातील स्टुडिओ : तारांची आखणी गिलाव्यापूर्वीच हवी

संगणक आणि ऑडिओ इंटरफेस यांच्या साह्याने घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणे आता अनेक गायक-वादकांच्या आवाक्यात आले आहे. दोन खोल्या उपलब्ध असतील तर एकीत कलाकार आणि दुसरीत यंत्रसामग्री अशी विभागणी सोयीची ठरते. संगणकाच्या पंख्याचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोहोचत नाही आणि मुद्रण करणाऱ्यालाही स्पीकरवर ऐकत काम करता येते. मात्र या खोल्यांना जोडणाऱ्या तारांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. रंगकाम आटोपल्यावर तारा दाराखालून ओढल्या जातात, दार पुरते मिटत नाही आणि विभागणीचा हेतूच फसतो.

आधी मोजदाद

आखणीची सुरुवात मोजणीने करावी. तबल्याला दोन मायक्रोफोन, गायनाला एक, हार्मोनियमला एक आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला एक, अशा साध्या मैफलीलाच ५ वाहिन्या लागतात. कलाकारांच्या हेडफोनकडे आवाज परत नेण्यासाठी प्रत्येक स्टिरिओ मिश्रणामागे २ वाहिन्या धराव्यात. त्यामुळे जाणाऱ्या ८ आणि परतीच्या ४ वाहिन्या असलेली मल्टिकोअर केबल घरगुती स्टुडिओला पुरेशी होते. लांबी मोजताना दोन खोल्यांमधील सरळ अंतर न घेता भिंतीवरून चढणारा, वळणारा आणि उतरणारा मार्ग मोजावा. दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा ठेवावी.

गुणगुण का येते?

मायक्रोफोनचा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, तर शेजारून जाणारी वीज २३० व्होल्टची. दोन्ही तारा एकाच पाइपातून नेल्यास ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतील गुणगुण मुद्रणात उतरू शकते. ती नंतर काढू गेल्यास मूळ स्वरालाही धक्का लागतो. म्हणून ध्वनीच्या तारांना स्वतंत्र पाइप द्यावा, तो विजेच्या पाइपापासून शक्य तितका दूर ठेवावा आणि जेथे ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडावे.

दुसरा उपाय म्हणजे 'बॅलन्स्ड' तार. तिच्यातील दोन तारांतून एकाच संकेताची सुलट व उलट रूपे जातात. बाहेरचा गोंगाट दोन्हींत सारखाच शिरतो. पलीकडचे उपकरण दोहोंतील फरक तेवढा घेते. त्यामुळे गोंगाट वजा होतो आणि संकेत उरतो. गिटारची साधी तार मात्र अशी नसते. तिला ५-६ मीटरपलीकडे न्यायचे असल्यास वाद्याजवळच डीआय बॉक्स जोडावा.

दोन खोल्यांतील उपकरणे वेगवेगळ्या सर्किटवर असतील तर अर्थिंगच्या मार्गानेही गुणगुण येते. शक्यतो दोन्हींकडील ध्वनी-उपकरणांना एकाच सर्किटवरून वीज द्यावी. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. तो कधीही करू नये.

भिंतीतील काम

खाच घेताना आरसीसी खांब व तुळया यांना हात लावू नये. पाइपाची वळणे मोठी ठेवावीत आणि त्याचा निम्म्याहून कमी भाग तारांनी भरावा. आत एक ओढतार सोडून ठेवली की पुढे नवी तार भिंत न फोडता घालता येते. संगणकाच्या जाळ्यासाठी कॅट-६ तारेच्या दोन ओळी त्याच वेळी टाकाव्यात. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, यूएसबी २.० तारेची मर्यादा मात्र ५ मीटरच आहे.

ज्या छिद्रातून तार जाते त्यातून आवाजही जातो. म्हणून दोन खोल्यांतील जोडपेट्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू नयेत. तारा ओढून झाल्यावर पाइपाची तोंडे रॉकवूलने भरून सीलंटने बंद करावीत.

गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक वाहिनी मल्टिमीटरने तपासावी, दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्यावा आणि भिंतींची मोजमापांसह छायाचित्रे जपून ठेवावीत. पुढे भिंतीत खिळा ठोकण्याची वेळ आली की ही छायाचित्रेच उपयोगी पडतात.