दारचे वृक्ष : बहर आणि व्याधी

सम्राट अशोकाने दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे नमूद केले आहे. हेतूही तेथेच सांगितला आहे: माणसांना व जनावरांना सावली मिळावी. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस हा हेतू फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या अनेक वस्त्यांत झाडाची सावली हीच एकमेव सार्वजनिक बैठक असते.

या सावलीत कडुनिंबाचा मान पहिला. शिशिर सरताना त्यास तांबूस पालवी फुटते, चैत्रात बारीक पांढऱ्या फुलांचा मंद सुगंध दरवळतो, आषाढाच्या सुमारास निंबोळ्यांचा सडा पडतो. पिंपळाची कोवळी पाने, बहाव्याचे पिवळे घोस, पेटलेला गुलमोहर ही शोभा उन्हाळ्यातलीच. गुलमोहर मात्र मूळचा मादागास्करचा. मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. त्याच्या बुंध्याशी फळीसारखी कठीण बुरशी दिसली, तर आतील कूज बरीच पुढे गेली असे समजावे आणि पावसाळ्यात मुलांना तेथे खेळू देऊ नये.

अलीकडे पावसाळ्याअखेर कडुनिंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळताना दिसतात. याचे मुख्य कारण फोमोप्सिस नावाची बुरशी. काजूचा कोवळा मोहर सुकवणारा ढेकण्या हा कीटक कडुनिंबाचीही कोवळी फूट शोषतो आणि हानी वाढवतो. झाड मेले असे समजून लोक कुऱ्हाड काढतात. ही घाई अनाठायी आहे. अशी पुष्कळ झाडे वसंतात पुन्हा पालवतात. वाळका शेंडा थोड्या निरोगी भागासह छाटून दूर नेऊन नष्ट करावा आणि कापावर मोरचूद व चुना यांची बोर्डो पेस्ट लावावी. आंब्यावरचे बांडगूळही ते फळण्याआधीच, चिकटल्या जागेच्या खालून, फांदीसह कापावे. नुसती पाने ओरबाडली तर ते पुन्हा फुटते.

परंतु बुरशी-किडीहून अधिक झाडे माणसाच्या हातून खंगतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. बुंध्याला भिडवलेले सिमेंट, फलकांचे खिळे, मुळाशी पेटवलेला पालापाचोळा! गृहनिर्माण संस्थांत पदाधिकारी असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी प्रथम बुंध्याभोवतालचे सिमेंट फोडून माती मोकळी करावी. शहरी भागात झाड तोडण्यास 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्ज करण्यापूर्वी कडुनिंबाला एक वसंत द्यावा.