निखळलेला खुबा : आधी त्वरा, मग विचार

मोटार वेगात असता समोरून आघात झाला, म्हणजे बसलेल्या प्रवाशाचा दुमडलेला गुडघा पुढील फळीवर आदळतो, तो धक्का मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत पोहोचतो, आणि उखळीच्या सांध्यातला हाडाचा गोल माथा मागे निखळताना उखळीच्या काठावर आपटून कधीकधी स्वतःही भंगतो. या दुहेरी इजेचे वर्णन लंडनच्या जॉन बर्केट यांनी १८६९ सालीच केले होते. पुढे १९५७ साली अमेरिकेतील गॅरेट पिपकिन यांनी तिचे चार प्रकार पाडले. माथ्यावर एका अस्थिबंधाच्या मुळाशी लहानसा खळगा असतो. भंग त्याच्या खाली असल्यास पहिला प्रकार, वर, म्हणजे भार वाहणाऱ्या भागात, गेल्यास दुसरा, जोडीला हाडाची मानही मोडल्यास तिसरा, आणि उखळ भंगल्यास चौथा.

माथ्याला रक्त पुरविणाऱ्या नाजूक वाहिन्या सांधा जागेवर नसेतोवर ताणल्या जातात, कधीकधी तुटतातही. म्हणून सुमारे सहा तासांच्या मुदतीत, भूल देऊन, स्नायू सैल करून सांधा बसविणे ही पहिली निकड होय. मात्र त्याआधी पाऊल हलते की नाही हे पाहून सायटिक मज्जातंतूची दखल घ्यावी लागते, आणि हाडाची मान मोडली असल्यास बाहेरून ओढण्याचा यत्न सर्वथा वर्ज्य असतो.

सांधा बसला की घाईचे प्रयोजन संपते. सीटी स्कॅनमध्ये पहिल्या प्रकारचा तुकडा जागच्या जागी आणि सांधा बिनअडथळा दिसला, तर शस्त्रक्रियेवाचून, कुबड्यांच्या आधारे भागते. सरकलेला मोठा तुकडा मात्र, विशेषतः भार वाहणाऱ्या भागातला, कूर्चेखाली बुडविलेल्या स्क्रूंनी जोडावा लागतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ट गांझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली, रक्तवाहिन्यांना धक्का न लावता सांधा उघडून संपूर्ण माथा दृष्टीखाली आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे काम पुष्कळ निर्धोक झाले. वृद्धांमध्ये कृत्रिम सांधाच अनेकदा श्रेयस्कर ठरतो.

तरीही माथ्याचे हाड महिन्यांनी, क्वचित दोन वर्षांनीही, रक्ताअभावी मृत होऊ शकते. म्हणून वेदना थांबली तरी तपासणीत हयगय करू नये. आणि अपघातस्थळी आखडून आत वळलेला पाय दिसताच तो ओढून सरळ करण्याचा मोह प्रत्येकाने आवरावा. पाय आहे त्याच स्थितीत आधार देऊन, वाटेत हाडवैद्याकडे न थांबता, जखमीस सुसज्ज रुग्णालयात नेणे, हेच त्या सांध्यावर आपण करू शकतो असे सर्वांत मोठे उपकार होत.