कॅमेऱ्याचा पट्टा : गळ्यात, खांद्यावर की मनगटाला?



गेल्या महिन्यात आमच्या मोआदोनमध्ये कोकणच्या सहलीचे फोटो दाखवले. ते पाहून झाल्यावर एका बाईंनी विचारले, "टीचर, कॅमेरा कोणता घ्यावा?" मी म्हटले, कॅमेरा नातवंडे सांगतील तो घ्या, पण त्याचा पट्टा मात्र स्वतः दुकानात जाऊन, अंगावर घालून, दहा पावले चालून घ्या. सगळे हसले. पट्ट्यात काय एवढे पाहायचे, असे त्यांना वाटले असावे. मलाही एके काळी तसेच वाटत होते.

मांडव्याच्या धक्क्यावर काय झाले ते आधी सांगते. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या शिळेपाशी जाऊन आलो होतो, नवगावला झालो होतो, आणि आदल्या दिवशी वडिलांच्या कबरीचे फोटो काढले होते. परतीच्या वेळी मांडव्याहून गेटवेला येणाऱ्या लाँचमध्ये चढत होतो. एक पाय धक्क्यावर, एक लाँचवर, एका हातात पर्स, आणि कॅमेरा गळ्यात लोंबत होता. लाट आली, लाँच वर उचलली गेली, आणि पट्ट्याचे उजवे टोक बक्कलमधून सुटले. कॅमेरा घसरला. मी काय करावे? धरलेला दोर सोडला आणि दोन्ही हातांनी कॅमेऱ्यामागे वाकले! खलाशी ओरडला, "आजी, कॅमेरा जाऊ दे, तुम्ही दोर धरा!" त्याने माझा दंड धरला म्हणून मी आज हे लिहिते आहे. कॅमेरा लाँचच्या फळीवर पडला, भिंग तडकले, पण कार्ड वाचले आणि वडिलांच्या कबरीचे फोटोही वाचले.

पट्टा तुटला नव्हता. तो पुष्कळ मजबूत होता. घरी आल्यावर पाहिले, तर मी त्याचे टोक बक्कलच्या एकाच फटीतून ओवले होते आणि बाहेर शेपूट उरले होते जेमतेम नखाएवढे. म्हणजे चूक पट्ट्याची नव्हे, ओवणाऱ्या बाईची. शाळेत मुलींना शिवणातली गाठ पक्की कर म्हणून चाळीस वर्षे सांगणारी मी!

तेव्हा पहिली गोष्ट टोकांची. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा अडकवायचे डोळे असतात. काही कॅमेऱ्यांना ते चपट्या फटीसारखे असतात, त्यातून पट्ट्याची अरुंद फीत सरळ जाते. काहींना बारीक गोल डोळा असतो, त्यात आधी धातूचे कडे घालावे लागते, किल्ल्यांच्या जुडग्याला असते तसे. फिरून फिरून हे कडे डोळ्याला घासते, म्हणून त्याखाली प्लास्टिकची किंवा चामड्याची चकती असेल तर ती काढून टाकू नये.

फितीवर दोन तुकडे असतात, एक साधी सरकती कडी आणि दुसरे बक्कल. फीत आधी कॅमेऱ्याच्या डोळ्यातून घ्यावी, मग परत फिरवून कडीतून. आता बक्कल पाहा. त्यात फीत एकदा ओवलेलीच असते. ती जरा सैल केली की तिची छोटी कमान वर येते. आपले टोक त्या कमानीच्या खालून, आतल्या बाजूने, बक्कलच्या दोन्ही फटींतून घ्यावे आणि मग सगळे ताणावे. अशा ओवण्याने शेपूट दोन पदरांच्या मध्ये दाबून राहते आणि ओझ्याने जितके ताणले जाईल तितके घट्ट बसते. शेपूट निदान तीन बोटे उरले पाहिजे. पुष्कळजण शेपूट बाहेरच्या बाजूने काढतात. दोन्ही फटींतून ओवले असेल तर तेही धरते, पण ते फडफडते, पर्सच्या चेनमध्ये अडकते आणि हळूहळू मागे सरकते.

ओवून झाल्यावर कॅमेरा पलंगावर, गादीपासून वीतभर उंच धरावा आणि एकेक बाजू जोराने हिसडून पाहावी. सुटायचाच असेल तर गादीवर सुटू दे. मी आता शुक्रवारी, शब्बाथ लागण्यापूर्वी कॅमेरा कपाटात ठेवताना दोन्ही टोके ओढून पाहते. मिनिटभराचे काम.

दुसरी गोष्ट मानेची. आमच्या वडिलांचा अगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि पट्टा कॅमेऱ्याला नव्हता, चामड्याच्या पेटीला होता. ती पेटी खांद्याला लावून वडील दिवसभर हिंडत. तो कॅमेरा हलका होता. आजचा मोठा भिंगवाला कॅमेरा बॅटरीसकट सहज किलोभर भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा, आश्चर्य वाटेल. एक किलो म्हणजे आपली दुधाची एक लिटरची पिशवी. ती कापडी थैलीत घालून गळ्यात अडकवा आणि अर्धा तास घरात वावरा. मग मान काय म्हणते ते ऐका.

याचे कारण शाळेतल्या तरफेसारखे आहे. ओझे शरीराच्या पुढे लोंबले की ते डोके पुढे ओढते, आणि मानेमागच्या स्नायूंना सतत मागे खेचून धरावे लागते. ज्यांची मान आधीच झिजलेली आहे, हाताला मुंग्या येतात, त्यांनी मोठा कॅमेरा गळ्यात घालूच नये. घालायचाच असेल तर आधी कुपात होलीममधील फिजिओथेरपिस्टला विचारावे. छोटा कॅमेरा, तीन-चारशे ग्रॅमचा, गळ्यात चालतो. तोही बेंबीच्या वर राहील इतका आखूड ठेवावा, म्हणजे जिना चढताना गुडघ्यावर आपटत नाही.

रुंदीचेही तसेच. तेच ओझे दीड सेंटिमीटरच्या फितीवर पडले तर ती कातते, चार सेंटिमीटरवर पसरले तर बोचत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना अरुंद पट्ट्याने खांद्यावर निळे वळ उठतात, हे मी घरातच पाहिले आहे. अर्ध्या किलोपर्यंत बोटभर-दीड बोट रुंद पट्टा पुरतो, त्यावर ओझे असेल तर रुंद आणि आतून मऊ पाहिजे. पण फार लवचीक, रबरासारखा ताणणारा पट्टा मला पसंत नाही. दुकानात तो फार सुखाचा वाटतो, पण चालताना कॅमेरा त्यावर वरखाली नाचतो आणि आपला तोल सांभाळताना तो नाच नकोसा होतो.

माझ्या मते आपल्या वयाला सर्वांत बरा तो आडवा पट्टा, एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेवर येणारा. ओझे मानेवरून उतरून खांद्यावर आणि पाठीवर जाते, आणि महत्त्वाचे म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तिशीतल्या माणसाला कॅमेरा चटकन डोळ्याला लावता यावा म्हणून पट्टा हवा असतो. आपल्याला हात कठड्याला, बसच्या दांड्याला, नातवाच्या हाताला रिकामा मिळावा म्हणून हवा असतो. एक फोटो हुकला तर हुकला.

काठी उजव्या हातात असेल तर पट्टा उजव्या खांद्यावर आणि कॅमेरा डाव्या कमरेवर ठेवावा, म्हणजे काठीला आदळत नाही. फोटोचे बटण मात्र बहुतेक कॅमेऱ्यांना उजवीकडेच असते. त्यामुळे फोटो काढायचा तर आधी थांबावे, कठड्याला टेकावे, काठी डाव्या मनगटाला अडकवावी, आणि मग कॅमेरा उचलावा. चालता चालता फोटो नाही. बायकांनी पर्स आणि कॅमेरा एकाच खांद्यावर घेऊ नये. दोन्ही पट्टे एकमेकांत गुंततात आणि उतरताना एक ओढला की दुसरा येतो. लांबी ठरवताना आरशासमोर उभे राहून पुढे वाका. कॅमेरा झोका घेऊन पोटासमोर आला तर पट्टा लांब आहे.

दुकानदार न सांगणारी एक गोष्ट कानाच्या यंत्राची. गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढताना कानामागचे यंत्र, चष्मा आणि पुरुषांची किप्पा, तिन्ही एकदम ओढली जातात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे यंत्र असेच सहलीत हरवले, आणि ते कॅमेऱ्यापेक्षा महाग होते. म्हणून ज्याची कडी बाजूला सुटते असा पट्टा घ्यावा. डोक्यावरून काढायलाच नको. मात्र ती कडी दुकानात स्वतःच्या अंगठ्याने दहा वेळा उघडून-लावून पाहावी. दोन बाजूंनी चिमटीत दाबायची कडी सांधे दुखणाऱ्या बोटांना जमत नाही, आणि विकणारा पोरगा ती एका झटक्यात उघडून दाखवतो, त्याला भुलू नये.

काही नव्या पट्ट्यांच्या कड्या लोहचुंबकाने बसतात. हाताला त्या फार सोप्या, पण ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी त्या टाळाव्यात. चुंबक पेसमेकरपासून निदान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा असे सांगतात, आणि आडवा पट्टा तर नेमका छातीवरून जातो. आपण ज्याला लहत्सान मेत्सुका म्हणतो ते संकटाचे बटण गळ्यात घालणाऱ्यांनी त्याची दोरी पट्ट्याच्या वर ठेवावी. खाली अडकली तर वेळेला हाती येत नाही.

पीक डिझाइन या कंपनीच्या पट्ट्यांना कॅमेऱ्याच्या डोळ्यात कायमची राहणारी छोटी दोरी आणि तिच्या टोकाला गोल बटण असते. ते बटण खाचेत सरकवले की पट्टा लागतो, दाबून सरकवले की सुटतो. नव्वद किलोपर्यंत भार पेलते असे कंपनी सांगते. मला त्याहून आवडले ते असे की दोरी झिजली की आतला वेगळा रंग दिसू लागतो. रंग दिसला की दोरी बदलायची. डोळे अधू झालेल्यांना ही खूण सोयीची आहे. स्वस्त पट्ट्यांना अशी खूण नसते, तेथे बोटाने चाचपून पाहावे. फितीला केस सुटल्यासारखे तंतू लागले की तिचा निरोप घ्यावा.

आणखी एक प्रकार तरुण फोटोग्राफरांकडे दिसतो. कॅमेऱ्याच्या बुडाशी तिपाई लावायचे भोक असते, पाव इंचाचे. त्यात स्क्रू फिरवून कॅमेरा उलटा कमरेला लटकवतात. चालायला छान, पण चालताना कॅमेरा गोल फिरत राहतो आणि स्क्रू हळूहळू सैल होऊ शकतो. दर तासाला हात लावून घट्ट करण्याची आठवण राहत असेल त्यांनी घ्यावा. मला चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही, म्हणून मी घेतला नाही.

मनगटाची दोरी फक्त छोट्या कॅमेऱ्याला. तिला सरकणारा मणी असावा, म्हणजे मनगटावर आवळता येते. पण तोल गेला की आपण हात टेकतो, आणि त्याच हाताला कॅमेरा बांधलेला असतो, हे लक्षात ठेवावे. जिन्यावर तो खिशात घालावा.

बहुतेकजण आता मोबाइलनेच फोटो काढतात. मोबाइलला गळ्यातली दोरी लावायची तर एक पातळ पट्टी कव्हरच्या आत ठेवून तिचे टोक चार्जिंगच्या भोकातून बाहेर काढतात. सगळा भार कव्हरवर येतो. कव्हर मऊ, सैल झालेले असेल तर मोबाइल त्यातून निसटतो आणि दोरीला नुसते कव्हर उरते. चारी बाजूंनी घट्ट बसणारे कव्हर घ्यावे.

कापडाबद्दल थोडेसे. चामडे दिसायला देखणे, पण आपल्याकडच्या घामाने कडक होते आणि कोकणात पावसाळ्यात त्याला बुरशी येते. नायलॉन बरे. मृत समुद्रावर किंवा अश्दोदच्या किनाऱ्यावर जाऊन आल्यावर पट्टा काढून कोमट पाण्यात साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. मीठ राहिले तर फीत खरखरीत होऊन मान सोलते. धुतल्यावर पुन्हा ओवताना वर सांगितलेली रीत विसरू नये. माझे तेथेच चुकले होते.

हनुक्कानंतर आमच्यातले काहीजण पुन्हा कोकणात जाणार आहेत. ज्यांना ती बारीक फट दिसत नाही किंवा बोटे साथ देत नाहीत, त्यांनी निघण्यापूर्वी कॅमेरा आणि पट्टा घेऊन मोआदोनमध्ये यावे. मी भिंग आणि सुई ओवायची तार घेऊन बसेन.