मालक सापडत नाही तेव्हा
(कामगार, कायदा आणि काळ : भाग 9)

ठेकेदाराकडच्या कामगाराचा खरा मालक कोण, हा प्रश्न आपण मागच्या भागात पाहिला. तिथे निदान कंपनी आणि ठेकेदार असे दोघे तरी समोर होते. घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाच्या बाबतीत तेही नाही. कंपनी म्हणते, आम्ही फक्त ॲप चालवतो. हॉटेल म्हणतं, तो आमचा माणूस नाही. आणि गिऱ्हाईक पार्सल घेऊन दार लावून मोकळं!

दुखणं मात्र जुनंच आहे. मुंबईत मशीद बंदरला गोणी वाहणाऱ्या हमालाची 1960च्या दशकात हीच गत होती. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक खाली करायचा, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसरीकडे. पैसे मुकादमाच्या हातात पडायचे आणि तो देईल ती मजुरी. फंड नाही, रजा नाही. गोणी अंगावर कोसळून कंबर मोडली, तर भरपाई मागायला नेमकं कुणाच्या पेढीवर जायचं? साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1969 साली, माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

या कायद्याची हुशारी अशी, की मालक कोण या वादात तो अडकून बसला नाही. कामगार, मालक आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचं मंडळ मध्ये उभं केलं. व्यापाऱ्याची नोंदणी तिथेच, हमालांच्या टोळीचीही तिथेच. टोळीने किती माल उतरवला त्यावर मजुरी ठरते. व्यापारी ती मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो. मजुरी मंडळाकडून कामगाराला मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या भागतात. दिवसाला तीन व्यापारी बदलले तरी हमालाचं खातं एकच राहतं. मुकादमाच्या मुठीतून पैसा सोडवला, ही या कायद्याची खरी कमाई. माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी उकळणारे पुढे निपजले, तेही खरंच. पण त्याचं खापर मंडळाच्या कल्पनेवर फोडण्यात अर्थ नाही.

आता ॲपवाल्यांकडे येऊ. 2020 साली संसदेने मंजूर केलेली सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अंमलात आली. ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांच्या व्याख्या देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आल्या त्या याच संहितेत. कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची. मात्र एक मर्यादा आहे : कामगारांना जेवढे पैसे दिले वा देणं आहे, त्याच्या पाच टक्क्यांपेक्षा ती जास्त नको. समजा, कंपनीची उलाढाल 1,000 कोटींची आणि त्यातले 300 कोटी पोरांना दिले. दोन टक्क्यांनी 20 कोटी होतात, पण पाच टक्क्यांच्या मर्यादेमुळे 15 कोटींवर सुटका. पगारी नोकराच्या नुसत्या फंडात मालकाचा वाटा 12 टक्के असतो, हे लक्षात घेतलं की पाच टक्के किती तोकडे ते कळतं.

पैशाहून मोठी उणीव दुसरीकडे आहे. हा कामगार रूढ मालक-नोकर नात्याबाहेरचा, असं व्याख्येतच लिहून ठेवलंय. म्हणजे अपघात विमा, आरोग्य, म्हातारपणची सोय यांच्या योजना निघतील. किमान वेतन नाही. रातोरात रेट कार्ड बदललं, इन्सेंटिव्हची अट दहा ऑर्डरवरून चौदावर नेली किंवा कुणा गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून आयडी ब्लॉक झाली, तर संहिता त्याच्या बाजूने बोलत नाही. माथाडी कायद्यातली लेव्ही उचलली आणि मजुरी मंडळामार्फत देण्याची तरतूद तिथेच सोडली, असं हे काम झालं. वास्तविक गोण्या मोजण्यापेक्षा ऑर्डर मोजणं कितीतरी सोपं. कोण, कधी, किती किलोमीटर गेला हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतंच.

राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात त्रिपक्षीय मंडळ आहे, आणि तो मागणाऱ्या संघटनांनी दाखला दिला होता आपल्याच माथाडी मंडळांचा. कर्नाटकाचा 2025चा कायदा आणखी पुढे जातो : कामगाराला कामावरून काढायचं तर कारण देऊन 14 दिवसांची नोटीस. हा मान खरं तर महाराष्ट्राने पटकवायला हवा होता.

तुम्ही किंवा घरातलं कुणी या कामात असेल, तर दोन गोष्टी आजच करा. ई-श्रम पोर्टलवर आधार वापरून प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करा. कंपनीची वाट पाहू नका. आणि दर आठवड्याचं पेमेंट स्टेटमेंट, रेट कार्डचे स्क्रीनशॉट ॲपच्या बाहेर, स्वतःच्या ई-मेलवर जपून ठेवा. आयडी बंद झाली की ॲपमधलं काहीच उघडता येत नाही, आणि किती दिवस काम केलं हे मग तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.