ओहोटीची डबकी

ओहोटीची डबकी म्हणजे भरतीचे पाणी ओसरल्यावर खडकाळ समुद्रकिनाऱ्यावरील खाचाखळग्यांत मागे राहणारे समुद्राचे पाणी. पुढील भरतीपर्यंत त्यांत अनेक अपृष्ठवंशी सागरी प्राणी आश्रयाला असतात. त्यामुळे समुद्रात न उतरता त्यांचे निरीक्षण करता येते. महाराष्ट्रात मालवण, रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत अशी डबकी आढळतात. मुंबईत गिरगाव चौपाटीलगत, हाजी अली व वांद्र्याच्या कार्टर रोडवर ती भर वस्तीत आहेत.

निरीक्षणाची वेळ

ही वेळ तिथीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते व ओहोटीही सर्वांत खोल जाते; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि खालचे खडक उघडे पडत नाहीत. तिथीच्या अंकाची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, असा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे: चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. मुंबईत उधाणाची भरती बाराच्या आसपास येत असल्याने मोठी ओहोटी सकाळी व सायंकाळी मिळते. नवख्याने मात्र भरती-ओहोटीचा तक्ताच पाहावा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकावर पोहोचावे आणि पाणी फिरताच परतावे. भरतीचे पाणी पुष्कळदा समोरून दिसण्याआधी मागच्या चरांतून शिरते व परतीची वाट तोडते.

आढळणारे प्राणी

किनाऱ्याकडील, बराच काळ कोरड्या राहणाऱ्या खडकांवर बार्नॅकल व लहान शंख चिकटलेले असतात, त्याखाली कालवे. आणखी खाली झोअँथिडांचे हिरवट-तपकिरी गालिचे, समुद्रफुले आणि स्पंज दिसतात. उघड्यावर पडलेले समुद्रफूल मिटून चिकट गोळ्यासारखे होते, आणि पाण्यातले समुद्रफूल शुंडके पसरून भक्ष्याची वाट पाहते; एकाच प्राण्याची ही दोन रूपे प्रथम पाहणाऱ्यास ओळखू येत नाहीत. डबक्यावर आपली सावली न पाडता काही मिनिटे स्वस्थ बसल्यास रिकाम्या शंखांत राहणारे खेकडे हिंडू लागतात. समुद्री गोगलगाय, क्वचित अष्टपादही, अशाच धीराने दिसतात.

दगडाच्या खालच्या अंगास ठिसूळ तारे, चपटे कृमी व अंडी असतात. उलटा केलेला दगड तसाच टाकल्यास ही सारी सृष्टी उन्हाने मरते व वरच्या अंगाची पाण-शेवाळे खाली दडपली जातात. म्हणून दगड शक्यतो हलवू नये; हलवलाच तर जसा होता तसा ठेवावा. कोन जातीचे जिवंत शंख विषारी असतात व झोअँथिडांतही तीव्र विष असू शकते. दोहोंना हात लावू नये.

मुंबईतील नोंदी

मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमातून किनारा-फेऱ्या होतात व छायाचित्रांसह नोंदी ठेवल्या जातात. या नोंदींचे महत्त्व किनारा मार्गाच्या (कोस्टल रोड) बांधकामावेळी दिसून आले. कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने हाजी अली व वरळी येथील प्रवाळ-वसाहती अन्यत्र हलवण्यात आल्या. झोअँथिड, स्पंज व कालवांना असे संरक्षण नसल्याने भरावाखाली आलेल्या खडकांवरील त्यांच्या वसाहती जागच्या जागीच राहिल्या.