फ्लॉपी धरलेला हात हा बिघाड नव्हे

अमिगा या जुन्या संगणकाचा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदाच सुरू करणारा माणूस बहुधा एका चित्रापाशी अडतो. पांढऱ्या पडद्यावर फ्लॉपी धरलेला एक हात दिसतो आणि पुढे काहीच घडत नाही. बूट झालेच नाही, असे समजून तो एम्युलेटर काढून टाकतो, पुन्हा बसवतो, नाहीतर दुसरा शोधायला लागतो. खरे तर तो हात दिसला तेव्हा अर्ध्याहून जास्त काम झालेले असते. प्रोसेसर चालू झालेला आहे, रॉम तपासून झाली आहे, मेमरी सापडली आहे आणि यंत्र आता फक्त फ्लॉपी मागते आहे. १९८७ साली बाजारात आलेल्या अमिगा ५००मध्ये फ्लॉपी न घालता बटण दाबले तरी हेच चित्र येत असे. किकस्टार्ट २.० पासून हात गेला आणि ड्राइव्हमध्ये सरकणारी फ्लॉपी आली, पण मागणी तीच राहिली.

या घोटाळ्याचे मूळ आपल्या सवयीत आहे. आपण संगणक शिकलो ते पीसीवर. तिथला बायोस थोडीशी तपासणी करतो, डिस्ककडे वळतो आणि खरी ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून येते. अमिगा बनवणाऱ्या कमोडोर कंपनीने तिची मांडणी वेगळी केली होती. एकाच वेळी अनेक कामे चालवणारा गाभा, खिडक्या आणि चित्रे काढणाऱ्या लायब्ऱ्या, डॉस हे सगळे रॉममध्येच होते. त्या रॉमचे नाव किकस्टार्ट. १९८५च्या पहिल्या अमिगा १०००मध्ये ती फ्लॉपीवरून मेमरीत घ्यावी लागे. नंतरच्या यंत्रांत चिपमध्ये आली. म्हणून अमिगा बूट होत नसेल तर आधी रॉमकडे पाहावे, डिस्ककडे नंतर.

‘एम्युलेटर घेतला म्हणजे अख्खी अमिगा मिळाली,’ हा समज त्यामुळेच महागात पडतो. विनयूएई किंवा एफएस-यूएई हे प्रोग्रॅम ६८००० प्रोसेसर आणि अ‍ॅग्नस, डेनिस, पॉला या खास चिपांचे वागणे हुबेहूब उभे करतात. किकस्टार्ट मात्र त्यांच्यासोबत येत नाही. कमोडोर १९९४मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी रॉमवरचा स्वामित्वहक्क संपला नाही. ‘कंपनी बुडाली, आता सगळे फुकट’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सरळ मार्ग दोन आहेत: क्लोआंटोचे ‘अमिगा फॉरेव्हर’ विकत घ्यायचे, नाहीतर स्वतःच्या यंत्रातली रॉम उतरवून घ्यायची.

रॉम सापडली नाही तर हे एम्युलेटर थांबून राहत नाहीत. ते आरोस या मुक्त प्रकल्पाची, नव्याने लिहिलेली पर्यायी रॉम वापरतात. आरोस हे मोठ्या कष्टाचे आणि आदर वाटावा असे काम आहे. पण मूळ किकस्टार्टच्या बारीकसारीक लकबींवर विसंबून लिहिलेले अनेक जुने खेळ या पर्यायी रॉमवर चालत नाहीत. वापरणारा इशारा न वाचताच पुढे जातो आणि दोष खेळाच्या फाइलवर ढकलतो.

रॉमची फाइल हाताशी असली तरी ती बरोबर आहे का, हे नावावरून कळत नाही. एम्युलेटर तिला चेकसमवरून, म्हणजे फाइलच्या मजकुरातून काढलेल्या आकड्यावरून, ओळखतो. तुम्ही नाव काय ठेवले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आधी आकार पाहा. १.३ पर्यंतची किकस्टार्ट २,६२,१४४ बाइटांची आणि २.० पासूनची ५,२४,२८८ बाइटांची असते. बरोबर ११ बाइट जास्त भरले तर ती क्लोआंटोची कुलूपबंद प्रत असते आणि शेजारी रॉम डॉट की ही फाइल लागतेच. प्रोग्रॅमरवर चिप वाचून काढलेल्या प्रतीत बाइटांच्या जोड्या उलट्या आलेल्या असू शकतात. अमिगा १२००ची रॉम दोन चिपांत विभागलेली असल्यामुळे त्यांतल्या एकाच चिपची फाइल दिली तर काहीच चालणार नाही.

अमिगा बूट होताना रंग दाखवते, आणि ते रंग शोभेसाठी नाहीत. पडदा लाल होऊन थांबला तर रॉमचा चेकसम जुळलेला नाही. हिरवा म्हणजे चिप रॅममध्ये गडबड, पिवळा म्हणजे पुरेशी तयारी होण्याआधीच प्रोसेसर एखाद्या चुकीवर अडला. एम्युलेटरमध्ये लाल पडदा आला तर डिस्क बदलत बसण्यात अर्थ नाही.

यानंतरचा गैरसमज मला सगळ्यात नुकसानीचा वाटतो: यंत्र जितके ताकदवान, तितके चांगले. लोक हौसेने १२०० निवडतात, ३.१ची रॉम लावतात, भरपूर फास्ट रॅम देतात, आणि १९८८चा खेळ काळ्या पडद्यावर गोठतो. तो खेळ साध्या ६८००० प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. ६८०१० पासून एक साधी सूचनादेखील विशेषाधिकाराची ठरली. ६८०२०मध्ये सूचनांचा कॅश आला, त्यामुळे स्वतःचाच कोड बदलत चालणारे प्रोग्रॅम कोलमडले. अशा खेळांना अमिगा ५००, किकस्टार्ट १.३, ५१२ केबी चिप रॅम आणि ५१२ केबी जादा रॅम एवढेच द्यावे. याउलट १२००च्या एजीए चिपांसाठी लिहिलेला खेळ ५०० वर चालणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर नेमके कशाने जमले ते कळत नाही.

एम्युलेटरच कच्चा आहे, हा आरोप एके काळी खरा होता. बर्न्ड श्मिट यांचा यूएई १९९५मध्ये आला तेव्हा त्याला बूटच करता येत नव्हते, आणि म्हणूनच त्या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा होता. आज त्याच्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

आता डिस्क. एडीएफ फाइल, म्हणजे फ्लॉपीची फाइलीत उतरवलेली प्रत, ९,०१,१२० बाइटांची असते: ८० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकला ११ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. आकार कमी असेल तर फाइल अपुरी आहे. आकार बरोबर असूनही पुन्हा हातच दिसत असेल, तर ती डिस्क मुळात बूट होणारी नसेल. खेळाची दुसरी डिस्क किंवा नुसत्या डेटाची डिस्क पहिल्या ड्राइव्हमध्ये घालून लोक तासन् तास वाया घालवतात. एफएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली फ्लॉपी १.३ वर बूट होत नाही, तिला २.० लागते. प्रत काढता येऊ नये म्हणून मुद्दाम विचित्र ट्रॅक लिहिलेले मूळ खेळ एडीएफमध्ये मावत नाहीत. त्यांच्यासाठी आयपीएफ फाइल आणि ती वाचणारी लायब्ररी हवी.

यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह आणून मूळ फ्लॉप्या थेट वाचू, ही आशाही सोडावी. अमिगा ट्रॅक लिहिते त्या रीतीने पीसीचा कंट्रोलर तो वाचू शकत नाही. त्यासाठी क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसवीझलसारखे उपकरण लागते.

एक कारण मात्र फार थोडे लोक तपासतात. फ्लॉपीचे पहिले दोन सेक्टर, म्हणजे १,०२४ बाइट, हा तिचा बूटब्लॉक. १९८७च्या एससीएपासून अनेक व्हायरस याच जागेत शिरत आणि तिथला मूळ मजकूर पुसून टाकत. तेव्हा लागण झालेली फ्लॉपी पुढे जशीच्या तशी फाइलीत उतरली, तर खेळाची बाकी डिस्क धडधाकट असूनही तो सुरू होत नाही. यावर वर्कबेंच या अमिगाच्या डेस्कटॉपमधली इन्स्टॉल आज्ञा वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या डॉस डिस्कवर तो बरोबर आहे. पण ज्या खेळाचा स्वतःचा बूटब्लॉक होता, त्यावर ही आज्ञा चालवली तर उरलासुरला लोडरही जातो. म्हणून आधी एडीएफची प्रत काढा, मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती करा, आणि मगच प्रतीवर प्रयोग करा.